वस्तीची बाग वस्तीच्या हातांनी

नागपूर शहरास बागांची परंपरा नवी नाही. भोसल्यांच्या अमदानीत महाराजबाग, तुळशीबाग, तेलंगखेडीची बाग अशा बागा येथे लागल्या. पैकी महाराजबागेत १८९४ साली प्राणिसंग्रहालय निघाले, १९०६ साली नागपूरचे कृषि महाविद्यालय उभे राहिले, आणि आज त्या बागेचा कारभार डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाकडे आहे. आमच्या वाचकांपैकी अनेकांनी बियाणे किंवा रोपे घेण्याच्या निमित्ताने तिकडे एखादी खेप घातली असेलच. या साऱ्या बागा कोणी राजाने, सरकारने किंवा संस्थेने लावल्या व पगारी माळ्यांनी राखल्या. परंतु ज्या बागेस राजा नाही व पगारी माळीही नाही, अशी बाग शेजाऱ्या-पाजाऱ्यांनी लावावी कशी आणि लावल्यावर जगवावी कशी, हा प्रश्न निराळा आहे. त्याविषयी चार अनुभवाच्या गोष्टी सांगाव्या, हा या लेखाचा हेतू होय.

शहरातील बागेशी कास्तकाराचा काय संबंध, अशी शंका कोणी घेईल. संबंध जवळचा आहे. हिंगणा, कामठी, उमरेड, वर्धा या सर्व रस्त्यांच्या दुतर्फा दरवर्षी वावरे मोडून लेआउट पडत आहेत. काल जेथे तूर उभी होती तेथे आज खुंट्या दिसतात. २०२० च्या डिसेंबरापासून राज्यात लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियमावलीप्रमाणे चार हजार चौरस मीटर, म्हणजे ढोबळमानाने एक एकर, वा त्याहून मोठ्या क्षेत्राचा लेआउट पाडताना दहावा हिस्सा मोकळा ठेवावा लागतो. अशी तरतूद पूर्वीच्या नियमांतही होती. नकाशावर हा हिस्सा दिसतो खरा. पण प्रत्यक्षात त्याचे काय होते? कोठे केरकचरा पडतो, कोठे इमारतीचा मलबा पडतो, कोठे एखादा धनवान शेजारी हळूच आपली भिंत चार हात पुढे सरकवितो. ज्या वस्त्या परवानगीवाचून बसल्या व पुढे २००१ च्या गुंठेवारी कायद्याने नियमित झाल्या, त्यांपैकी कित्येकांत तर मोकळी जागा अशी उरलीच नाही, कारण तीही विकली गेली. सबब वावर विकणारा आणि प्लॉट घेणारा अशा दोघांनीही या दहाव्या हिश्श्याची चौकशी वेळीच केली पाहिजे.

आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. शहराच्या दक्षिण अंगास, एका जुन्या गावठाणालगत सहा एकराचे एक वावर होते. सुमारे वीस-बावीस वर्षांपूर्वी ते अकृषक झाले. त्या वेळी आम्ही महसूल खात्यात कारकून होतो, व त्या प्रकरणाचे कागद आमच्याच टेबलावरून गेले. नकाशाच्या मध्यभागी हिरव्या रेघांचा एक चौकोन होता, साठ डिसमिलचा, आणि त्यावर ‘सार्वजनिक उपयोगाकरिता’ असे लिहिले होते. आम्ही क्षेत्राची बेरीज पडताळली, शेरा लिहिला व कागद पुढे पाठविला. पुढे त्याच लेआउटात आम्ही प्लॉट घेतला, घर बांधले. तरी तो चौकोन उठून पाहावा असे आम्हांस पंधरा वर्षे सुचले नाही. स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसलो, तेव्हा खिडकीतून रोज तोच उकिरडा दिसू लागला आणि मग लाज वाटली.

प्रथम आम्ही पाच गृहस्थांनी एका दिवाणखान्यात बसून बागेचा बेत केला. घरटी पाचशे रुपये वर्गणी जमविली, शहरातून रोपे आणविली, हिरवळीचा गालिचा पसरविला, कडेने शोभेच्या ताडांची रांग लावली व चोहोकडून काटेरी तारेचे कुंपण घातले. उद्घाटनास नारळ फुटला, छायाचित्रे निघाली. पुढे काय झाले? आषाढ-श्रावणात एका कोपऱ्यात पाणी साचून हिरवळ कुजली. कार्तिकात कुंपणाची तार दोन जागी तुटलेली आढळली. चैत्रात कूपनलिकेचे पाणी आटले आणि वैशाखात राहिलेले सर्व वाळून गेले. नागपूरच्या उन्हाची कथा वाचकांस सांगणे नको. २०१३ च्या मे महिन्यात येथे पारा ४७.९ अंशांवर चढला होता. आम्ही दोष उन्हाला दिला, रोपवाल्याला दिला, तार तोडणाऱ्या पोरांना दिला. आमच्याकडे बोट वळविण्याचे धैर्य कोणास झाले नाही.

ते काम ज्यांनी केले ते त्या वावराचे पूर्वीचे मालक होत. वावर विकल्यावरही त्यांनी लेआउटाच्या टोकास एक प्लॉट राखून दोन म्हशी ठेविल्या होत्या. वय पंचाहत्तरीच्या घरात. एके सकाळी आम्ही वाळलेले ताड उपटीत असता ते जवळ येऊन उभे राहिले व म्हणाले, “बाबूजी, तुम्ही नकाशा पाह्यला, वावर नाही पाह्यलं.”

आम्ही त्यांस काकाजी म्हणत असू. आम्ही म्हटले, “काकाजी, मग आता तुम्हीच दाखवा.” त्यांनी काठी टेकीत आम्हांस त्या साठ डिसमिलांतून फिरविले. सेटलमेंटच्या जुन्या कागदांत आम्ही काळी, मोरांड, खरडी, बरडी हे शब्द हजार वेळा लिहिले होते. पण त्या दिवशी ते पायाखाली प्रथमच समजले. आग्नेयेच्या कोपऱ्यात खोल काळी, तेथे पाणी तुंबून ज्वारी नेहमी पिवळी पडे. मध्ये मोरांड, सर्वांत चांगली. उत्तरेची पट्टी बरड, वितभर खणले की मुरूम. आणि ज्या मलब्याच्या ढिगावर आम्ही शोभेची वेल चढविली होती, त्याच्याखाली त्यांच्या वडिलांनी बांधलेली विहीर होती! लेआउट पाडताना ती बुजविली गेली. आमच्या कागदांत तिची नोंद होती काय, हे आता आठवत नाही. असावी.

काकाजींनी दुसरीही एक गोष्ट दाखविली. जुन्या गावठाणातील व पलीकडच्या झोपड्यांतील बाया सकाळी धुण्याभांड्यांच्या कामास निघत, त्यांची पायवाट याच जागेतून जात होती. आमच्या कुंपणाने ती अडविली. बरडावर मुले चेंडूफळी खेळत. तेथे आम्ही ताड लावले. म्हणजे तार तोडणारे हात कोणाचे होते, हे शोधण्यास पोलिसांची जरूर नव्हती. ज्यांचा त्या जागेवर रोजचा पाय होता त्यांस आम्ही एका शब्दानेही विचारले नव्हते.

दुसऱ्या खेपेस आम्ही क्रम उलटा केला. आधी विचारपूस, मग आखणी, मग वर्गणी. बासष्ट घरांत जाऊन तीनच प्रश्न केले: या जागेचा आज आपण काय उपयोग करता? उद्या काय व्हावे? आठवड्यातून किती वेळ द्याल? भाडेकरू, चौकीदाराचे कुटुंब, कामास येणाऱ्या बाया यांसही हेच विचारले. उत्तरे ऐकून आमचा बेत पुष्कळ बदलला. वृद्धांस हिरवळ नको होती, बसावयास सावली हवी होती. स्त्रियांस संध्याकाळी दिवा व दुरून दिसेल अशी मोकळी वाट हवी होती. दाट झुडपे नको होती. मुलांस मैदान हवे होते. एका गृहस्थांनी मात्र आग्रह धरला की नागपूरची बाग म्हणजे संत्र्याची वीस झाडे हवीतच. त्यावर काकाजी हसून म्हणाले, “संत्रं म्हणजे लेकरू हाय, बाबूजी. त्याले दुहेरी आळं लागते, ताण द्या लागते, डिंक्या पाहा लागते. इथं कोण पाहीन?” संत्र्याचा बेत तेथेच संपला.

मग जमिनीप्रमाणे मांडणी केली. बरड पट्टीवर झाड धरणार नाही, म्हणून ती मुलांच्या खेळास दिली. पायवाट होती तशीच ठेवून तिला दोन्ही अंगांनी दगडांची कड लावली. काळीच्या कोपऱ्यात पाणी काढून देण्याची खटपट न करता उलट तेथे उथळ खड्डा करून लेआउटाच्या गल्लीचे पावसाचे पाणी त्यात वळविले, व काठाने अर्जुन, जांभूळ, करंज लावले. मोरांडात कडुनिंब, बकुळ, बहावा, आवळा, बेल घेतले. वड, पिंपळ व उंबर भिंतींपासून दूर हवेत, म्हणून एकच वड, तोही मध्यभागी. विहिरीतील मलबा जाणत्या विहीरखोद्यांकडून उपसविला. तीसेक फुटांवर झरे लागले. हे काम घरगुती हातांनी करू नये, त्यात जिवाचा धोका असतो. वर लोखंडी जाळी बसविल्यावाचून आम्ही पंप जोडला नाही.

लागवडीची रीत वाचकांस ठाऊक आहेच. तरी शहरात ती कोणी पाळीत नाही, म्हणून लिहितो. दोन फूट लांब, रुंद व खोल असे खड्डे वैशाखातच खणून ऊन खाऊ दिले. मृगाचा पहिला पाऊस चांगला मुरल्यावर माती, कुजलेले शेणखत व थोडी निंबोळी पेंड यांनी भरले. काळीत खड्ड्याच्या तळाशी मुरूम-विटांचे तुकडे घातले. रोपे हातभर नव्हे, कंबरेइतकी उंच घेतली, कारण लहान रोप शेळीच्या तोंडून वाचत नाही. पहिले दोन उन्हाळे प्रत्येक झाडाजवळ सच्छिद्र मडके पुरून त्यात पाणी भरले व आळ्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन केले. गळलेली पाने जाळण्याची चाल बंद करून त्यांकरिता नाडेप टाके बांधले: दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, विटांमध्ये हवेकरिता झरोके. ही पद्धत आपल्याच विदर्भातील, पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांची. घराघरांतील भाजीचा केर, पालापाचोळा, काकाजींच्या म्हशींचे शेण व माती यांचे थर देऊन चारेक महिन्यांत खत तयार होते. अठ्ठेचाळीस झाडे लावली, पैकी आज सदतीस उभी आहेत.

परंतु झाडे लावणे हे काम एका पावसाळ्याचे. राखणे बारा महिन्यांचे. आम्ही बासष्ट घरांचे सात गट केले, एकेका वारास एक गट, म्हणजे आठ-नऊ घरांकडे आठवड्यातून एक दिवस. त्या दिवशी पाणी, झाडलोट व टाके भरणे त्यांचे. ज्यास वाकता येत नाही त्याने फळ्यावर हजेरी लिहावी. गैरहजर राहणाऱ्यास दंड करावा, असे आम्हीच प्रथम सुचविले होते. पण दंड देऊन सुटका करून घेणारे अधिक निघतील, असे एका बाईंनी बजाविले व ते खरे होते. घरटी महिना शंभर रुपये जमतात. त्यातून पंपाची वीज, अर्ध्या दिवसाचा माळी व अवजारांची दुरुस्ती भागते. भाडेकरूंकडून पैसा घेत नाही, त्यांचा हात घेतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जमाखर्च झाडाखाली मोठ्याने वाचावयाचा, असा नियम आहे. नोकरीत तीस वर्षे हिशेब लिहिले. पण वाचून दाखविलेल्या हिशेबाइतका बिनभांडणाचा हिशेब आम्ही दुसरा पाहिला नाही.

आता कटु प्रसंग सांगणे भाग आहे. तिसऱ्या वर्षी सावली पडू लागली, आणि तेव्हाच खरे भांडण झाले. विहिरीवरील पितळी तोटी व रबरी नळी चोरीस गेली. सभेत प्रस्ताव आला की फाटकास कुलूप लावावे व किल्ली केवळ प्लॉटधारकांकडे असावी. आम्ही त्या प्रस्तावास हात वर केला, हे येथे कबूल करतो. कुलूप लागले. ते एप्रिल-मेचे दिवस. सुटीत अर्धी वस्ती गावोगाव गेली होती, आणि आमच्या ध्यानी आले नव्हते की मागील दोन उन्हाळे आमच्या गैरहजेरीत पाणी घालणारी बाई ही चौकीदाराची घरधनीण होती. तिच्याकडे किल्ली नव्हती. कामास येणाऱ्या बायांची वाट पुन्हा बंद झाली. काकाजी येईनासे झाले. त्यांनी तक्रार केली नाही, केवळ येणे सोडले. तीन आठवड्यांत वाटेकडेची पाच झाडे गेली. सदतिसांत जी अकरा कमी आहेत त्यांपैकी पाच ही होत, आणि त्यांचा दोष उन्हाला देता येत नाही.

जूनच्या सभेत कुलूप काढले. त्याऐवजी पहाटेपासून रात्री नऊपर्यंत जागा सर्वांस खुली, हा नियम झाला. आम्ही काकाजींच्या घरी जाऊन त्यांस बोलावून आणले. तोटी पुढे आणखी एकदा चोरीस गेली. ती अडीचशे रुपयांची. आम्ही नवी लावली.

सरकारी मदतीविषयी दोन शब्द. अशा जागेची जबाबदारी मूळची स्थानिक संस्थेची आहे, व तिने ती टाळू नये. परंतु आमचा अनुभव असा की मदत येते ती सिमेंटाच्या रूपाने. एका कार्यालयाने आमच्या संपूर्ण जागेवर गट्टू बसवून देण्याची तयारी दाखविली. आम्ही नम्रपणे नको म्हटले. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे शहरावर ढग कोसळले, अंबाझरी तलाव ओसंडला व नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. पाणी मुरावयास जमीन उघडी नसेल तर ते घरात शिरणारच. आम्ही गट्टूंऐवजी दिव्याचा खांब मागितला. तो मिळावयास दीड वर्ष लागले, तरी मिळाला. अर्ज लेखी करावा, पोच घ्यावी व पोच जपून ठेवावी.

वस्तीने हात घातल्यावर काय होते, याचे मोठे दाखले आहेत. मुंबईत धारावीलगत, मिठी नदीच्या काठी शहराचा केर टाकण्याची जागा होती. १९७७ साली केर टाकणे थांबले, १९८३ साली पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांच्या हस्ते पहिले झाड लागले, निसर्गप्रेमी व शाळकरी मुले यांचे हात लागले, आणि १९९४ साली सदतीस एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांस खुले झाले. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी १९७३ साली लिझ क्रिस्टी नावाच्या बाईने शेजाऱ्यांसह एका उकिरड्यावर बाग केली. तिचे पाहून शेकडो बागा झाल्या. पुढे १९९९ साली त्या शहराने अशा शंभरांवर जागा लिलावात काढावयाचे ठरविले, आणि लोकांच्या विरोधामुळे व काही न्यासांनी जागा विकत घेतल्यामुळे त्या वाचल्या. म्हणजे जागा सुंदर झाली की तिच्यावर डोळा पडतो. आपल्या नागपुरात अजनीच्या रेल्वे वसाहतीतील जुनी झाडे २०२१ साली एका मोठ्या स्थानक-प्रकल्पापायी संकटात आली, तेव्हा नागरिकच पुढे आले. झाडे तोडण्यास १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते. हा कायदा शहरवासीयांनी माहीत करून घ्यावा.

आणि शेवटी, गावच्या वाचकांकरिता. ही गोष्ट शहराची म्हणून सोडून देऊ नये. पूर्व विदर्भातील मालगुजारी तलाव आठवावे. १९५१ साली मालगुजारी गेली व तलाव सरकारचे झाले. जुलूम गेला हे उत्तमच झाले. परंतु त्याबरोबर गाळ काढण्याची व पाळ बांधण्याची गावाची जुनी वहिवाटही गेली, कारण ‘आता ते सरकारचे’ असे प्रत्येकजण म्हणू लागला. हजारो तलाव गाळाने भरले. जे सर्वांचे ते कोणाचेच नाही, ही म्हण अशीच खरी होते.

आपल्या गावाचे निस्तारपत्रक तलाठ्याकडे जाऊन एकदा वाचावे. गुरांकरिता, स्मशानाकरिता, खळ्याकरिता, आमराईकरिता कोणती जागा राखली आहे ते पाहावे, व अतिक्रमणाची नोंद असलेला गाव नमुना एक-ई ही मागून घ्यावा. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जानेवारीत जगपालसिंग प्रकरणात गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढून त्या गावास परत द्याव्या, असा स्पष्ट हुकूम सर्व राज्यांस केला आहे. त्या जागी काही करावयाचे असल्यास ठराव ग्रामसभेत, सर्वांसमक्ष करावा. आखणी करण्याआधी त्या जागेत जनावरे चारणाऱ्यास, वाट वापरणाऱ्या बाईस व जमीन ओळखणाऱ्या म्हाताऱ्यास विचारावे.

आणि ज्या बंधूंनी वावर विकावयाचे ठरविले असेल त्यांस एकच विनंती. खरेदीखतावर सही करण्यापूर्वी लेआउटाच्या नकाशातील तो हिरवा चौकोन कोठे आहे ते विचारा. आपली चांगली मोरांड त्यात येते की पाण्याचा कोपरा, ते पाहा. आणि विहीर असेल तर ती बुजवू देऊ नका. आमच्या काकाजींनी ते तेव्हा विचारले नाही, आणि आम्हीही टेबलावरील कागदातून ते पाहिले नाही. तेवढे पाहिले असते तर आमच्या बागेची झाडे आज पंधरा वर्षांनी मोठी असती.